न आलेल्या पेशंटचा हिशेब

ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या शाखेच्या पीजीला आलात की पहिल्या सहा महिन्यांतच सिनॉप्सिसची, म्हणजे थिसिसच्या आराखड्याची घाई सुरू होते. मी खानापूर तालुक्यातला, शिकलो बेळगावात. मलाही एका सीनियरनं जुन्या थिसिसचा गठ्ठा हातात दिला आणि म्हणाला, "यातला एक उचल, साल बदल." तुम्हालाही कुणीतरी हेच सांगेल. ऐकू नका.

विषय ओपीडीत असतो. आमच्याकडं पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात पाय घसरून, हात टेकून पडलेल्या बायका रोज यायच्या. मनगटाजवळ रेडियस, म्हणजे अंगठ्याच्या बाजूचं हाड मोडलेलं. ते जागेवर धरायला तारा घालायच्या की प्लेट? एकदा अशाच एका आजींच्या मुलानं मला विचारलं, "डॉक्टर, प्लेटीनं हात जास्त चांगला होतोय काय? मग म्हस विकतो." मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि थांबलो. मला ठाऊकच नव्हतं. थिओरीत पास होतो, पण त्या माणसाला उत्तर देता येईना.

त्या रात्री शोधायला बसलो. ब्रिटनमधली ड्राफ्ट नावाची चाचणी सापडली, 2014 साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आलेली. 461 पेशंट, चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत वाटलेले, एका गटाला तारा, दुसऱ्याला प्लेट. बारा महिन्यांनी हाताच्या कामात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पण नुसता निष्कर्ष वाचून उठू नका, कोणते पेशंट घेतले आणि कोणते वगळले तेही बघा. सांध्याचा पृष्ठभाग उघडूनच बसवावा लागेल अशी फ्रॅक्चर त्यात घेतलेली नव्हती. म्हणजे 'प्लेट कधीच नको' असं ती चाचणी म्हणत नाही. बाहेरून ओढून जागेवर येणाऱ्या मनगटाला तारा पुरतात, एवढंच ती सांगते. त्या मुलाला दुसऱ्या दिवशी मी हेच सांगितलं. म्हस राहिली.

मग तोच विषय थिसिसला घेतला आणि तिथंच चुकलो. ऑपरेशनं नीट केली, एक्स-रे मापले, तक्ते केले. पण सहाव्या महिन्यात बरेच पेशंट आलेच नाहीत. आले त्यांचे आकडे छान होते. गाईडनी तक्ता बघितला आणि एकच विचारलं, "न आलेले कुठं आहेत?" मी फोन लावायला बसलो. निपाणीकडचे एक काका म्हणाले, "हात बरा हाय की, मग कशाला येऊ? ऊस तोडाय आलोय." ऐकून बरं वाटलं. पुढच्याच फोनवर एक ताई म्हणाल्या, बोटं वळतच नव्हती म्हणून त्या दुसऱ्या दवाखान्यात गेल्या. तिसरे हाडवैद्याकडून पट्टी बांधून घेत होते. बरा झालेलाही येत नाही आणि बिघडलेलाही येत नाही. तेवढे वगळून काढलेली सरासरी कुणाच्याच हाताची नसते. थिसिसमध्ये मी न आलेल्यांची संख्या आणि कळली तेवढी कारणं स्पष्ट लिहिली. निष्कर्ष कमजोर झाला, पण तो खरा होता.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि ती आपल्या सीमाभागात टाळताच येत नाही. एकाच वॉर्डात हुक्केरीचे कन्नड बोलणारे, येळ्ळूरचे मराठी बोलणारे, शेजारच्या कॉटवर उर्दू बोलणाऱ्या खाला. संमतिपत्र ज्याच्या त्याच्या भाषेत हवं, आणि वाचून दाखवणाऱ्याला ती भाषा बोलता यायला हवी. प्रश्नावल्यांचंही तेच. गुडघेदुखीसाठीच्या वोमॅक नावाच्या प्रश्नावलीत 24 प्रश्न आहेत. त्यात बाथटबमध्ये उतरण्या-चढण्याविषयी विचारतात, मांडी घालण्याविषयी मात्र नाही. आमच्या पेशंटला चिंता असते ती मांडीची, उकिडवं बसण्याची. स्वतःच्या मनानं प्रश्न बदलू नका, मापच मोडतं. अनुवाद रीतसर करा, दुसऱ्याकडून उलटा अनुवाद करून ताडून बघा, आणि मांडीचा प्रश्न वेगळा नोंदवा.

ॲनाटॉमीकडं जाणाऱ्यांनी सुक्या हाडांचे अभ्यास हलके समजू नयेत. फीमरवर, म्हणजे मांडीच्या हाडावर, पोषक रक्तवाहिनीचं छिद्र कुठं आहे हे व्हर्नियर या बारीक मापपट्टीनं मापायचं असेल, तर दोघांनी एकमेकांचे आकडे न बघता मापावं. पेटीतल्या हाडाचं वय आणि लिंग बहुधा माहीत नसतं, तेव्हा त्यावरून 'स्त्रियांमध्ये असं' म्हणू नये. खांद्याच्या ऑपरेशनमध्ये ॲक्रोमियनच्या, म्हणजे खांद्याच्या हाडाच्या टोकाच्या, खाली पाच सेंटिमीटरवर ॲक्झिलरी नर्व्ह ही नस असते, असं पाठ केलेलं असतं. लहान चणीच्या माणसात ती त्याहून वर असू शकते. डेल्टॉइड हा खांद्याचा स्नायू फाडत खाली जाणाऱ्या सर्जनला तो एक सेंटिमीटर फार मोठा असतो. आणि कॅडेव्हरवर, म्हणजे अभ्यासासाठीच्या मृतदेहावर, माप घेताना हात जपून चालवा. बेळगावात 2010 साली एका डॉक्टरनं आपल्या वडिलांच्याच दान केलेल्या देहाचं विच्छेदन विद्यार्थ्यांसमोर केलं, वडिलांची तशी इच्छा होती. टेबलावरचा प्रत्येक देह असाच कुणाचा तरी असतो.

"मोठं संशोधन दिल्ली-मुंबईचं, आपलं काय," असं कुणी म्हटलं तर मी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाचा 2006 चा अंक दाखवतो. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळायला मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या उपयोगी पडतात का, हे याच बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत 1620 बायकांवर तपासलं गेलं. गोळ्या दिल्या गावच्या नर्सबाईंनी. रक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 वर आलं. विषय ऑर्थोचा नाही, पण रस्ते आणि बसगाड्या त्याच होत्या.

कागदपत्रांचं थोडक्यात: एथिक्स कमिटीची परवानगी आधी, पेशंट नंतर. उपचारांची तुलना करणारी चाचणी असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या भारतातल्या नोंदवहीत, नोंदणी पहिल्या पेशंटच्या आधी करा. 1 एप्रिल 2018 पासून मागाहून नोंदणी घेत नाहीत. किती पेशंट लागतील हे स्टॅटिस्टिशियनला सुरुवातीलाच विचारा, शेवटी नव्हे.

आणि एक जाड वही घ्या. प्रत्येक पेशंटचे दोन फोन नंबर, एक घरचा आणि एक गावातल्या किराणा दुकानदाराचा किंवा आशाताईंचा. पेशंटला विचारून, संमतिपत्रात तसं लिहूनच. गावचा बाजार कोणत्या वारी, ऊसतोडीला कधी जाणार, तालुक्याची बस किती वाजता. फॉलोअपची तारीख त्या बाजाराच्या दिवशी द्या. माझ्या दुसऱ्या अभ्यासात मी तसं केलं, आणि तारखेच्या दिवशी सकाळी ओपीडीबाहेरच्या बाकावर पिशव्या घेऊन माणसं बसलेली होती.