उत्तरेचा किनारा वाचताना या चुका टाळा

स्वीडनच्या पूर्व किनाऱ्यावर होगा कुस्तेन, म्हणजे ‘उंच किनारा’, नावाचा पट्टा आहे. तिथल्या स्कूले डोंगराला झाडीची टोपी आहे आणि टोपीखालचा खडक लाटांनी धुऊन उघडा पाडलेला. टोपीची कड ही जुनी किनाररेषा, आजच्या समुद्रापासून २८६ मीटर उंच.

इथेच पहिली चूक होते: ‘बापरे, समुद्र एवढा वर होता!’ नव्हता. हिमयुगाच्या ऐन भरात जगाचा समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खालीच होता, कारण पाणी बर्फात अडकलं होतं. वर आली ती जमीन. जवळपास ३ किलोमीटर जाड बर्फाखाली ती दबली होती. ओझं उतरलं तशी उठू लागली. अजूनही वर्षाला सुमारे ८ मिलिमीटर उठतेय.

मग कुणीतरी भागाकार करतो. २८६ मीटर भागिले ८ मिलिमीटर, उत्तर ३५,७५० वर्षं. पण तिथला बर्फ जाऊन साधारण साडेदहा हजारच वर्षं झाली! गणित बरोबर, गृहीतक चुकीचं: सुरुवातीला जमीन आजच्या कित्येक पट वेगाने उठत होती.

चुकलात तर ओशाळू नका, तापमापीवाला सेल्सिअसही त्या पहिल्या चुकीपाशीच घसरला. सील हे समुद्री प्राणी ज्यावर चढून बसतात ते खडक शिकाऱ्यांच्या मालकीचे असत. खडक पाण्यातून फार वर आला की सील चढेना, आणि खडकाची किंमत संपे. अशा जुन्या नोंदी त्याने तपासल्या, १७३१ मध्ये लोव्हग्रुंड बेटावर पाणीरेषेची खूण कोरून घेतली. निरीक्षण चोख, निष्कर्ष मात्र ‘पाणी आटतंय’. ती खूण आज पाण्यापासून सुमारे २ मीटर वर आहे.

स्टॉकहोमच्या १७७४ पासूनच्या नोंदींत पाणी उतरताना दिसतं, म्हणून समुद्र वाढत नाही म्हणणं ही त्याच चुकीची धाकटी बहीण. मोजपट्टीच जमिनीबरोबर वर जातेय. जमिनीचा उठाव आधी वेगळा काढा, मग बोला.

आणि हिमनदी पुढे सरकली म्हणजे थंडी वाढली, असंही नाही. अलास्कातली हबर्ड हिमनदी शंभराहून अधिक वर्षं पुढे येतेय, तिथल्या बहुतेक हिमनद्या मागे हटत असताना. कारण थंडी नव्हे: मागे प्रचंड हिमक्षेत्र, आणि मुखापुढे तिनेच आणून टाकलेल्या दगडगोट्यांचा बांध. १९८६ मध्ये तिने रसेल फियॉर्ड या समुद्राच्या अरुंद खाडीचं तोंडच बंद केलं. आतलं पाणी सुमारे २५ मीटर चढलं, ऑक्टोबरात तोंड अडवणारा हा अडसर फुटला. त्या पाण्याने काठावर सोडलेली रेघ उद्या कुणाला सापडली, तर तो तिलाही जुना समुद्र म्हणेल.