जेवणाला घाबरणाऱ्या मुलासोबत नानकटाई कशी करावी

माझा भाचा सात वर्षांचा होता तेव्हा पाच पदार्थांवर जगायचा: मऊ पांढरा भात, कोरडी पोळी, दूध, केळं आणि एकाच प्रकारची बिस्किटं. भातात कोथिंबिरीचं एक पान दिसलं तरी ताट बदलावं लागे. बळेच घास भरवला की उबळ यायची, डोळे पाण्याने भरायचे. "लाडावलाय, दोन दिवस उपाशी ठेवा, मुकाट खाईल," असं सगळे म्हणाले. आम्ही एक दिवस तसं करून पाहिलं. संध्याकाळपर्यंत तो मलूल होऊन पडला, पण भाजीला हात लावला नाही. तुमच्या घरी असं होत असेल तर हा प्रयोग कृपा करून करू नका.

या त्रासाला एआरएफआयडी म्हणतात, म्हणजे पदार्थ टाळण्याचा किंवा अगदी मोजकंच खाण्याचा विकार. २०१३ साली डीएसएम-५ या मानसोपचाराच्या निदान-पुस्तिकेत त्याची स्वतंत्र नोंद झाली. बारीक होण्याची इच्छा किंवा दिसण्याची काळजी यामागे नसते. कुणाला चव, वास, स्पर्श सोसत नाही. कुणाला घशात अडकेल, उलटी होईल अशी भीती असते. कुणाला मुळात भूकच जाणवत नाही. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांमध्ये हे जास्त आढळतं, मोठ्या माणसांनाही असतं.

आधी डॉक्टर. वजन घटतंय, उंची वाढत नाही, खाण्याचे पदार्थ कमी कमी होत चाललेत, शाळेत डबा उघडलाच जात नाही, यातलं काहीही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना गाठा. बद्धकोष्ठता, अ‍ॅसिडिटी, दातदुखी, अ‍ॅलर्जी असं काही नाही ना, हे तपासून घ्या. रक्तातलं लोह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासायचं का, तेही विचारा. गरजेप्रमाणे आहारतज्ज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ लागतात. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून ठेवा. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो.

मग ताटावरचा दाब काढा. काय, कधी आणि कुठे वाढायचं ते आपण ठरवायचं. खायचं का, किती खायचं, ते मुलाने. अडीच-तीन तासांच्या अंतराने वाढा आणि मध्ये फक्त पाणी द्या, कारण दिवसभर दूध पीत राहिलं की भूक मरते. दर जेवणात त्याचा एक तरी हक्काचा पदार्थ असू द्या. "एवढा एकच घास, माझ्यासाठी" हे वाक्य सोडायला मला सगळ्यात जड गेलं.

आता नानकटाई. ती का, तर भाचा बिस्किटं खायचाच, आणि पिठात हात घालताना कुणी त्याला "खा" म्हणत नव्हतं.

१०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम पिठीसाखर, ६० ग्रॅम घट्ट तूप, पाव चमचा बेकिंग पावडर. तूप-साखर पांढरी, हलकी होईपर्यंत फेटा. मैदा आणि बेकिंग पावडर चाळून घाला आणि नुसतं एकत्र करा. मळू नका, नाहीतर चिवट होतात. लिंबापेक्षा लहान गोळे किंचित दाबून, अंतरावर ठेवा. तापलेल्या ओव्हनमध्ये १६० अंशांवर १५ ते १८ मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत स्टँड ठेवून, झाकण लावून दहा मिनिटं तापवा आणि मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं भाजा. बाहेर काढल्यावर त्या मऊच लागतात, गार झाल्या की खुसखुशीत होतात.

पहिले काही दिवस मुलाने फक्त चाळावं, गोळे वळावेत. हात चिकट झालेले सोसत नसतील तर चमचा द्या, शेजारी ओला नॅपकिन ठेवा. वास घेणं, ओठाला लावणं, जिभेने चाटून बघणं, हे सगळं प्रगती म्हणून मोजा. तोंडात घेतलेलं थुंकायला एक वाटी जवळ असू द्या; परत बाहेर काढता येतं म्हटल्यावर तोंडात घालायची हिंमत होते.

नंतर एकच बदल, अगदी थोडा. साधी नानकटाई आवडीने खाऊ लागला की ९० ग्रॅम मैदा आणि १० ग्रॅम नाचणीचं पीठ घ्या. जमलं तर पुढे २० ग्रॅम. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पण दहा ग्रॅमने पोषण भरून निघत नाही. इथे मिळवायची आहे ती नव्या रंगाची आणि चवीची ओळख. नाचणीत ग्लुटेन नसल्याने नानकटाई भुगा होऊ लागते. त्या वेळी एखादा चमचा दूध घाला.

लपवून मात्र काही घालू नका. फसवणूक कळली तर मूल बिस्किटही सोडून देतं आणि पाचाचे चार पदार्थ उरतात. "आज यात नाचणी आहे, म्हणून रंग जरा तपकिरी आहे," असं सरळ सांगा. साधीही बाजूला ठेवा.

एखादी नवी चव ओळखीची व्हायला दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते, अशा मुलांना त्याहून जास्त. भाच्याने नाचणीची नानकटाई आधी तीन आठवडे नुसती मोडून बघितली. चौथ्या आठवड्यात कडेचा तुकडा तोंडात घेतला, थुंकला आणि म्हणाला, "उद्या परत करू या, पण नाचणी मी मोजणार." वजनकाटा आता त्याच्याकडे असतो.