शनिवारी नौपाड्यात येण्याआधी

शनिवारी दुपारी नौपाड्यात बसून आपापलं पॅकेज आर्च लिनक्सच्या एयूआरमध्ये, म्हणजे वापरकर्त्यांनीच भरलेल्या पॅकेजांच्या संग्रहात, चढवायचं आहे. ठाणे-वाशी लोकल पकडण्याआधी घरीच थोडं उरकून घ्या, नाहीतर सगळी दुपार डाउनलोड बघण्यात जाईल.

आधी नाव शोधा. सॉफ्टवेअर आर्चच्या अधिकृत रिपॉझिटरीत असेल तर विषय संपला. एयूआरमध्ये कुणी आधीच टाकलं असेल तर वेगळ्या नावाने तेच परत टाकू नका. काही बिघडलेलं दिसलं तर त्याच्या मेंटेनरला, म्हणजे ते सांभाळणाऱ्याला, कळवा. सोर्स उपलब्ध असूनही तयार बायनरी (आधीच बिल्ड केलेला प्रोग्राम) घेणार असाल तर नावाला ‘-बिन’ लागतं, थेट गिटवरचा ताजा कोड घेणार असाल तर ‘-गिट’.

एयूआरवर खातं उघडून एसएसएचची पब्लिक की (पुश करताना तुमची ओळख पटवणारी किल्ली) प्रोफाइलमध्ये टाकून या. महापे-ऐरोलीवाल्यांनी ऑफिसचा लॅपटॉप शक्यतो आणू नये. एक तर कंपनीचं व्हीपीएन पोर्ट २२, म्हणजे एसएसएचची वाट, अडवू शकतं. दुसरं म्हणजे गिटमध्ये ऑफिसचा ईमेल बसलेला असतो आणि एयूआर फोर्स पुश (आधीचा इतिहास बदलून परत चढवणं) घेत नाही; पहिल्या कमिटला (गिटमधल्या नोंदीला) लागलेला पत्ता मग तिथेच राहतो. गिटमधल्या ब्रँचचं नाव मास्टर हवं, मेन चालत नाही.

आता खरं काम: पीकेजीबिल्ड फाइल, म्हणजे पॅकेज कसं बनवायचं याची कृती. ‘माझ्याकडे तर बिल्ड होतंय’ याला काडीची किंमत नाही, कारण तुमच्या मशीनवर वर्षभरात काय काय साठलंय ते तुम्हालाही आठवत नसतं. पायथनचं पॅकेज घ्या. पायथन-बिल्ड आणि पायथन-इन्स्टॉलर आधीच्या कुठल्या तरी उद्योगातून तुमच्याकडे असतात, म्हणून मेकडिपेंड्समध्ये (बिल्डला लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) लिहायचे राहतात, आणि दुसऱ्याकडे बिल्ड पहिल्याच मिनिटाला आपटतं. म्हणून आर्चची डेव्हटूल्स ही साधनं टाका आणि स्वच्छ क्रूटमध्ये, म्हणजे तुमच्या मशीनपासून वेगळ्या कोऱ्या सिस्टिममध्ये, बिल्ड करून बघा. पहिल्यांदा तो बरंच काही डाउनलोड करतो, तेव्हा हे घरच्या वायफायवरच करा. बेस-डेव्हल (बिल्डच्या मूलभूत साधनांचा संच) मात्र गृहीत असतं, त्यातली पॅकेजं लिहीत बसू नका. बिल्ड झालेल्या पॅकेजवर नॅमकॅप हे चुका शोधणारं साधन चालवा. त्याची प्रत्येक तक्रार खरी नसते, पण प्रत्येक वाचा.

सोर्सची लिंक मूळ प्रकल्पाचीच द्या. जुलै २०२५मध्ये ब्राउझरच्या नावाखाली आलेल्या तीन पॅकेजांत ‘पॅच’ म्हणून रिमोट ॲक्सेस ट्रोजन (मशीनचा ताबा दुसऱ्याला देणारा घातक प्रोग्राम) निघाला होता, त्यामुळे अनोळखी लिंक दिसली की लोक बिचकतात, आणि बरोबरच करतात. चेकसम (फाइल बदललेली नाही हे तपासायचा आकडा) अपडपीकेजीसम्स या कमांडने भरून घ्या. ‘स्किप’, म्हणजे तपासणी वगळणं, फक्त गिटसारख्या सोर्सला. गिटहबच्या टारबॉलचं (कोडच्या एकत्र बांधलेल्या फाइलचं) नाव नुसतं आवृत्तीचा आकडा असेल तर त्यात पॅकेजचं नाव घाला, नाहीतर एकाच फोल्डरमध्ये दोन प्रकल्पांच्या फाइली एकमेकींवर बसतात. लायसन्स एमआयटी किंवा बीएसडी असेल तर त्याची प्रतही पॅकेजमध्ये जायला हवी.

एसआरसीइन्फो फाइल (पॅकेजच्या माहितीचा गोषवारा) मेकपीकेजी या पॅकेज बनवणाऱ्या कमांडकडूनच काढा, हाताने लिहू नका. ती कमिटमध्ये नसेल तर पुश परत येतो.

आणि घरून ठरवून या की पुढे हे सांभाळणार कोण. ‘आउट ऑफ डेट’चा शिक्का १८० दिवस तसाच राहिला, तर कुणीही मागणी केली की पॅकेज आपोआप बेवारस होतं. परीक्षा किंवा अप्रेझलचे महिने जड जाणार असतील तर को-मेंटेनर आधीच गाठा. शनिवारी शेजारी बसलेलाच चालेल.