सालामांकाला शिकायला येताय? निदान या चुका तरी टाळा

सप्टेंबर उजाडला की माझ्या फोनवर तेच तेच मेसेज यायला लागतात. ‘ताई, पद्रोन म्हणजे काय?’ ‘ताई, इंडक्शनवर कुकर तापतच नाहीये.’ ‘ताई, सगळी दुकानं बंद आहेत, संप आहे का?’ संप नाही, रविवार आहे. मी साताऱ्याहून इथे, स्पेनमधल्या सालामांकाला, एम.ए. करायला आले तेव्हा विचारायला कुणीच नव्हतं. त्यामुळे खालच्या बहुतेक चुका मी स्वतः मन लावून केलेल्या आहेत.

सगळ्यांच्या मुळाशी एकच गैरसमज असतो. कुणीतरी सांगितलेलं असतं की स्पेन निवांत देश आहे, तिथे सगळं ‘मान्याना’, उद्या. मग आपणही पहिला महिना प्लाझा मायोरमध्ये, म्हणजे गावच्या मुख्य चौकात, फोटो काढण्यात घालवतो. स्पेन निवांत आहे ते जेवणाच्या बाबतीत. कागदांच्या बाबतीत अजिबात नाही. तिथे दुपारी दोनला खिडकी बंद म्हणजे बंद, आणि तारीख चुकली तर ती तुमची चुकली.

रकाने तीन, नावं तीन

१८० दिवसांपेक्षा जास्त शिकायला आला असाल तर देशात पाऊल टाकल्यापासून एका महिन्याच्या आत परदेशी माणसाच्या ओळखपत्रासाठी, म्हणजे कार्डासाठी, अर्ज करायचा असतो. इथे निम्मी मुलं पहिला घोळ घालतात. ‘माझ्या व्हिसावर नीए आहे की!’ नीए हा नुसता नंबर. तीए हे बोटांचे ठसे देऊन मिळणारं कार्ड. नंबर आहे म्हणून कार्ड आहे असं होत नाही. पॅन नंबर पाठ आहे म्हणून आधार कार्ड मिळत नाही, तसंच.

कार्डासाठी लागते ‘सीता प्रेव्हिया’, म्हणजे आगाऊ घेतलेली वेळ. (स्पेनमध्ये उच्चार ‘थीता’ असा, पण आपल्या मुलांच्या तोंडी सीताच बसते, आणि तिच्यासाठी वनवासही घडतो.) ही वेळ फुकट असते. तरीही ती मिळवून देतो म्हणून पैसे घेणारे भेटतात आणि घाई झालेली मुलं ते देतातही. मी कधी दिले नाहीत. सकाळी कॉफी घेऊन साइट उघडायची, नाही मिळाली तर बंद करायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा. कंटाळवाणं आहे, पण चालतं.

आता माझी गोष्ट. स्पॅनिश फॉर्मवर नावाचे तीन रकाने असतात: नाव, पहिलं आडनाव, दुसरं आडनाव. आपलं मराठी नाव कसं असतं? स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. तीन रकाने, तीन नावं! महानगरपालिकेत पद्रोनचा, म्हणजे रहिवासाच्या नोंदणीचा, फॉर्म भरताना मला वाटलं, वा, हा तर आपल्यासाठीच छापलाय. भरलं डावीकडून उजवीकडे. बाबांचं ‘प्रकाश’ जाऊन बसलं पहिल्या आडनावाच्या जागी, आणि खरं आडनाव दुसऱ्या.

स्पेनमध्ये पहिलं आडनाव सहसा वडिलांच्या घराण्याचं असतं, दुसरं आईच्या, आणि माणूस ओळखला जातो तो मुख्यतः पहिल्यावर. म्हणजे त्या दिवसापासून मी सेन्योरा प्रकाश झाले. मला गंमत वाटली. बाबांना फोन करून सांगितलं, तेही हसले. तीन आठवड्यांनी कार्डाच्या खिडकीपाशी पासपोर्ट आणि पद्रोन शेजारी शेजारी ठेवले गेले तेव्हा कुणीच हसत नव्हतं. खिडकीतल्या बाईंनी आधी पासपोर्टवर बोट ठेवलं, मग पद्रोनवर. पासपोर्टात ‘प्रकाश’ नावाच्या रकान्यात, पद्रोनमध्ये आडनावाच्या. त्यांच्या लेखी या दोन वेगळ्या मुली होत्या. मी मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं की प्रकाश हे माझ्या वडिलांचं नाव आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘मग आईचं कुठे आहे?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी परतले, पद्रोन दुरुस्त केलं, सीता पुन्हा घेतली. तोवर नाताळ आला. (महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत आईचंही नाव येतं. ती पोरं इथे शिकायला येतील तेव्हा नावं चार आणि रकाने तीनच असतील. त्यांच्यासाठी आत्ताच शुभेच्छा.)

उपाय साधा आहे. पासपोर्टच्या माहितीच्या पानावर तळाशी कोनांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात. पहिल्या ओळीत देशाच्या अक्षरांनंतर, जोडकोनाच्या (<<) आधी जे येतं ते आडनाव. जोडकोनानंतरचं सगळं, वडिलांच्या नावासकट, नाव. फॉर्म भरताना मी आजही ती ओळ समोर ठेवते. दुसऱ्या आडनावाचा रकाना कोरा सोडायचा. तो भरायचा मोह होतो, कारण कोरा रकाना आपल्याला सहन होत नाही.

आणखी एक. कार्डाची फी, मोदेलो ७९०, कोदिगो ०१२, ही आधी बँकेत भरून पावती घेऊन जायची असते. खिडकीवर कुणी पैसे घेत नाही. बँकेचं काउंटरही सकाळचंच.

खोली

फोटो पाहून भारतातून अनामत पाठवू नका. यावर चर्चा नाही. आठवडाभर हॉस्टेलात राहा, खोली डोळ्यांनी बघा, नळ सोडून बघा, आणि सगळ्यात आधी विचारा की या पत्त्यावर पद्रोन करता येईल का. ‘बघू’ असं उत्तर आलं तर पुढची खोली बघा.

फोडणी, फ्यूज आणि खालच्या मजल्यावरची चादर

सालामांका समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे. ‘स्पेन म्हणजे ऊन’ असं समजून एक स्वेटर घेऊन येणाऱ्यांना नोव्हेंबर बरोबर समज देतो. मग प्रत्येक जण खोलीत विजेचा हीटर आणतो, आणि तिथून खरी मजा सुरू होते.

भारतात आपल्याला भार म्हणजे काय हे कुठे माहीत असतं? इथे प्रत्येक घराचा विजेचा करार ठरावीक किलोवॉटचा असतो. आमच्या घराचा होता ३.४५. फेब्रुवारीत मी पहिल्यांदाच घरातल्या मुलींना आणि त्यांच्या मित्रांना जेवायला बोलावलं. मसालेभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. आठला या म्हटलं, म्हणजे ते साडेनऊला येणार हे मला अजून कळलं नव्हतं. माझ्या खोलीत २००० वॉटचा हीटर, शेगडीचं मोठं वर्तुळ १८०० वॉटचं, आणि एक मुलगी आंघोळ करून आली म्हणून गीझर चालू, तो १५०० चा. बेरीज तुम्हीच करा. मी मोहरी टाकली, ती तडतडली, हिंग, हळद, चार सुक्या मिरच्या, आणि खट्. काळोख.

दारामागची पेटी उघडली तर सगळे खटके वरच. एक खाली, एक वर, असं मी दहा मिनिटं करत राहिले. तेवढ्यात बेल वाजली. मला वाटलं पाहुणे. होत्या खालच्या मजल्यावरच्या आजी, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्यात उशीचा अभ्रा. ‘ईखा,’ म्हणाल्या, म्हणजे आपलं ‘अगं पोरी’. सरळ पेटीपाशी गेल्या, मुख्य खटका खाली केला, तोंडाने दहापर्यंत मोजलं, वर केला. दिवे आले. नव्या मीटरांमध्ये भार जास्त झाला की वीज मीटरमधूनच तुटते. मुख्य खटका काही सेकंद पाडून ठेवल्याशिवाय ती परत येत नाही. हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी तो अभ्रा माझ्या नाकाखाली धरला. धुतलेला, अर्धा ओला, आणि त्याला माझ्या मिरच्यांचा खकाणा. इथल्या जुन्या इमारतींत स्वयंपाकघराच्या खिडक्या आतल्या ‘पातिओ’वर उघडतात. पातिओ म्हणजे इमारतीच्या पोटातली उजेडाची विहीर, आणि त्याच विहिरीत सगळ्या मजल्यांचे कपडे दोऱ्यांवर वाळत असतात. तुमची फोडणी तिथे जाते. सगळीच्या सगळी.

तेव्हापासून माझा नियम असा: फोडणीआधी खिडकीतून डोकं काढून वर-खाली बघायचं, कुणाची चादर लोंबतेय का. लोंबत असेल तर खिडकी बंद, कढईवर झाकण, आणि त्या दिवशी मिरच्या एकच. हीटर आणि शेगडी कधीही एकत्र लावत नाही. रेडीमेड मसाल्याची पाकिटं आणून ‘फोडणीच नको’ म्हणणारे शॉर्टकटवाले मला भेटतात. ते दोन महिन्यांत पास्त्यावर जगायला लागतात.

सामानाचं म्हणाल तर सुपरमार्केटातच बरंच मिळतं, फक्त नाव माहीत हवं. ‘आरीना दे गार्बान्थो’ म्हणजे बेसन, ‘लेन्तेखा रोखा’ म्हणजे मसूर डाळ, ‘कोमीनो’ म्हणजे जिरं. तूरडाळ आणि पोह्यांसाठी मी माद्रिदच्या लावापिएसमधल्या दुकानांत जाते. बसने अडीच-तीन तास, म्हणून महिन्यातून एकदाच. आणि घरून अॅल्युमिनियमचा कुकर आणू नका. इंडक्शन त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. बुडाला चुंबक चिकटत असेल तरच बॅगेत भरा.

शाकाहारी आहे, म्हणजे काय?

‘सिन कार्ने’, मांस नको, एवढंच म्हणाल तर सॅलडवर ट्यूना येईल आणि मसुरीच्या आमटीत चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज. कित्येकांच्या डोक्यात हॅम आणि मासे ‘मांसात’ मोडत नाहीत. मी एकेक नाव घेते: हॅम नको, ट्यूना नको, मासा नको, मांसाच्या पाण्यात शिजवलेलंही नको. वेटरचा चेहरा पडतो. पडू दे. बटाट्याच्या ‘तोर्तिया’त अंडं असतं, हेही ऐकून ठेवा.

बाकीच्या, भराभर

सर्दी झाली की औषधाच्या दुकानात ‘कोन्स्तिपादो’ म्हणतात. त्याचा बद्धकोष्ठाशी काही संबंध नाही. मी उलटं समजून एकाला पोट साफ व्हायचं औषध आणायला पाठवणार होते.

साठीच्या प्राध्यापकांना ‘तू’ म्हणताना जीभ अडते, मान्य. पण ते स्वतः सांगतात तेव्हा म्हणा. वर्षभर ‘उस्तेद’, म्हणजे आदराचं ‘तुम्ही’, धरून बसलात तर ते दुखावतात.

१० पैकी ७ पडले म्हणून रडणाऱ्या मुली दर जानेवारीत भेटतात. ५ ला पास, ७ ला ‘नोताब्ले’, ९ ला ‘सोब्रेसालिएन्ते’. त्याच्याही वरची ‘मात्रिकुला दे ओनोर’ वर्गातल्या फार तर ५ टक्के मुलांना मिळते. ७ चांगले आहेत. आईला ‘सत्तर टक्के’ असं भाषांतर करून सांगू नका, एवढंच.

आईवरून आठवलं. ‘जेवून फोन करते’ असं घरी कधीही कबूल करू नका. इथलं जेवण रात्री दहाला, हिवाळ्यात तेव्हा साताऱ्यात अडीच वाजलेले असतात, आणि ती जागी असते.

आणि विद्यापीठाच्या जुन्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवरचा बेडूक. विद्यापीठ १२१८ सालचं. त्या भिंतीच्या कोरीवकामात एका कवटीवर तो बसलाय, आणि कुणाच्या मदतीशिवाय सापडला तर परीक्षा पास होते असं म्हणतात. पहिल्याच दिवशी नवी मुलं शेजारच्या पर्यटकाला विचारतात किंवा फोनवर शोधतात. मला तीन खेपा लागल्या, मान आखडली. कुठे आहे ते मेसेज करून विचारलंत तरी सांगणार नाही.