मिड-रेंज डीएसएलआरसाठी लेन्स कशी निवडायची आणि आहे त्या कॅमेऱ्यातून पुरेपूर काम कसं काढायचं

निकॉनचा डी५६०० किंवा डी७५००, नाहीतर कॅननचा २००डी, ८०डी असा एखादा कॅमेरा घरात आहे, सोबत आलेली १८-५५ एमएमची किट लेन्स त्यावर लावलेली आहे, फोटो बरे येतात पण मनासारखे येत नाहीत, तर हे तुमच्यासाठी लिहितोय. आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, बदलायचा विचार आत्ता डोक्यातून काढा. या कॅमेऱ्यांचे सेन्सर २० ते २४ मेगापिक्सेलचे आहेत आणि आजही उत्तम काम देतात, पैसे घालायचेच असतील तर लेन्सवर घाला. आणि त्यासाठी सध्याचा काळ फार चांगला आहे, कारण कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर काढलेला नाही, लोक मिररलेसकडे (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे) चाललेत आणि त्यांच्या चांगल्या चांगल्या लेन्स सेकंडहँड बाजारात कमी भावात मिळतायत.

पहिलं काम: स्वतःचे जुने फोटो बघा

दुकानात जायच्या आधी, रिव्ह्यू बघायच्या आधी, मित्राला विचारायच्या आधी हे करा. गेल्या वर्षभरातले तुम्हाला आवडलेले फोटो एका फोल्डरमध्ये टाका आणि जे फसले असं वाटतं ते दुसऱ्या फोल्डरमध्ये. आता विंडोजवर फोटोवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, तिथे डिटेल्समध्ये फोकल लेंथ (लेन्स किती एमएमवर होती, म्हणजे किती झूम), अपर्चर (लेन्सचं छिद्र), शटर स्पीड (किती वेळ उजेड आत आला), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) सगळं लिहिलेलं असतं. फसलेल्या फोटोंचे हे आकडे कागदावर उतरवून काढा, अर्धा तास लागेल पण कुठली लेन्स घ्यायची याचं उत्तर बहुतेक वेळा त्या कागदावरच मिळतं.

बरेच फोटो ५५ वर काढलेले आणि नंतर क्रॉप केलेले दिसले तर तुम्हाला टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, हवीय. सगळे १८ वर अडकलेले, किल्ल्याची तटबंदी अर्धी कापली गेलीय, घरातल्या कार्यक्रमात कडेचे पाहुणे बाहेर गेलेत, तर वाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य घेणारी, हवीय. आणि आयएसओ ३२००, ६४००, शटर १/१५, १/२० असे आकडे पुन्हापुन्हा आले तर तुमची अडचण झूमची नाही, उजेडाची आहे, आणि माझ्या मते घरगुती फोटो काढणाऱ्या बहुतेकांची अडचण हीच असते, फक्त ते झूम लेन्स घेऊन मोकळे होतात.

उजेडाचं गणित नीट समजून घ्या

घरच्या गणपतीची संध्याकाळची आरती घ्या. खोलीत एक ट्यूबलाइट, समईचा उजेड, माणसं टाळ्या वाजवतायत. किट लेन्स ५५ वर नेली की तिचं अपर्चर एफ/५.६ च्या पलीकडे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं), आयएसओ ३२०० ठेवूनही शटर १/२० पर्यंत खाली येतो, म्हणजे टाळी वाजवणारे हात पुसट येणारच. व्हीआर (निकॉन) किंवा आयएस (कॅनन), म्हणजे लेन्समधला स्टॅबिलायझर, चालू असलं तरी काही फरक पडत नाही, कारण ते तुमच्या हाताचं हलणं सांभाळतं, समोरच्या माणसाचं नाही. आता तिथेच ५० एमएम एफ/१.८ लावा. एफ/५.६ च्या तुलनेत साधारण दहापट उजेड आत येतो, म्हणजे त्याच आयएसओला १/२०० मिळतो. पण आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, शटर फार वेगात गेला तर एक फोटो पिवळट आणि पुढचा काळपट असं होऊ शकतं, म्हणून मी तिथे शटर १/१०० वरच ठेवतो आणि आयएसओ १६०० वर आणतो. हात बऱ्यापैकी थांबतात, ग्रेन (फोटोतले दाणे) कमी होतो, समईची ज्योत सुंदर येते. हा फरक कुठल्याही नव्या बॉडीने एवढ्या पैशात मिळणार नाही.

एक सांभाळायचं, एफ/१.८ ला फोकसची जागा फारच बारीक असते. जवळून चेहरा काढला तर डोळा शार्प आणि कान पुसट. एकामागे एक दोन रांगांत माणसं उभी असतील तर एफ/४ किंवा त्याहून मोठ्या आकड्यावर जा, नाहीतर मागची आजी पुसट येते आणि घरच्यांना तोच फोटो हवा असतो.

५० घ्यायची का ३५?

या सगळ्या कॅमेऱ्यांचा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा (जुन्या ३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा) लहान आहे, निकॉनवर फोकल लेंथला १.५ ने गुणायचं आणि कॅननवर १.६ ने. म्हणजे ५० एमएम लावली की ती ७५ किंवा ८० सारखी दिसते. पोर्ट्रेटला मस्त, पण वन रूम किचनमध्ये बारशाचे फोटो काढायचे तर मागे सरकता सरकता भिंत येते. घरातल्या, रोजच्या वापराला निकॉनवाल्यांनी ३५ एमएम एफ/१.८ डीएक्स घ्यावी असं मी सगळ्यांना सांगतो. कॅननमध्ये तेवढी स्वस्त ३५ नाही, तिथे ५० एमएम एफ/१.८ एसटीएम हीच पैसा वसूल लेन्स, आणि जागा कमी असेल तर २४ एमएम एफ/२.८, तिला उजेड कमी मिळतो पण ती चपटी असल्यामुळे कॅमेरा रोज बरोबर नेता येतो.

तरी पक्कं होत नसेल तर सोपा उपाय आहे, एक पूर्ण दिवस किट लेन्स ३५ वर ठेवून तिथे चिकटपट्टी लावा आणि झूमला हात लावू नका, दुसऱ्या दिवशी ५० वर ठेवा. ज्या दिवशी कमी चिडचिड झाली ती तुमची लेन्स.

आपल्या बॉडीला काय बसतं ते तपासा

इथे पैसे वाया जातात म्हणून लक्ष द्या. डी५६००, डी३५०० अशा निकॉनच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुन्या एएफ-डी लेन्स त्यावर बसतात, फोटोही निघतो, पण ऑटोफोकस होत नाही. सेकंडहँडमध्ये '५० एमएम १.८डी' स्वस्त दिसते ती हीच. डी७५०० किंवा डी७२०० असेल तर बिनधास्त घ्या, त्यात मोटर आहे. डी५६०० वाल्यांनी नावात एएफ-एस किंवा एएफ-पी आहे का ते बघूनच घ्यायचं. कॅननमध्ये ही भानगड नाही, ईएफ आणि ईएफ-एस दोन्ही चालतात, फक्त आरएफ लिहिलेली लेन्स मिररलेसची, ती बसणारच नाही.

कशासाठी कुठली

लांबचं काढायचंय तर निकॉनची एएफ-पी ७०-३००, पण नावात व्हीआर असलेलीच, कारण तिची व्हीआर नसलेली बहीणही बाजारात फिरते आणि दोन्ही दिसायला सारख्याच. कॅननमध्ये ५५-२५० एसटीएम घ्या, किटमध्ये मिळणारी ७५-३०० टाळा, तिला स्टॅबिलायझर नाही आणि फोटोही मऊ, म्हणजे जरा पुसट, येतात. भिगवणला फ्लेमिंगो बघायला जाणाऱ्यांना वाटतं की ६०० एमएमशिवाय काही होत नाही, पण तिथे नाववाले बऱ्यापैकी जवळ नेतात आणि थव्याचे फोटो ३०० मध्ये छान बसतात. एकट्या पक्ष्याचं पीस न पीस हवं असेल तर मग टॅमरॉन किंवा सिग्माची १५०-६००, पण ती दोन किलोच्या घरात जाते, आधी भाड्याने घेऊन एक शनिवार-रविवार हातात धरून बघा. ताडोबाला जात असाल तर जिप्सीच्या बारवर ठेवायला एक बीनबॅग न्या, ट्रायपॉड तिथे कामाचा नाही, आणि उघड्या जिप्सीत लेन्स बदलू नका, धूळ थेट सेन्सरवर.

वाइडमध्ये निकॉनची १०-२० आणि कॅननची १०-१८, दोन्ही हलक्या आणि ट्रेकच्या बॅगेत सहज जाणाऱ्या. रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायचे असतील तर टोकिनाची ११-१६ एफ/२.८ शोधा. वाइडचा एक नियम लक्षात ठेवा, पुढे काहीतरी जवळचं हवं. कासला नुसतं पठार काढलं तर फुलं ठिपक्यांएवढी दिसतात, पायवाटेवरच खाली बसून कडेच्या फुलापासून हातभर अंतरावर लेन्स आणली की फूलही मोठं आणि मागे ढगही येतात. फुलांच्या आत मात्र पाऊल टाकायचं नाही, फोटोसाठी तर अजिबात नाही.

लग्नं, मुंजी, घरगुती समारंभ हे मुख्य काम असेल तर १७-५० एफ/२.८ घ्या, सिग्माची किंवा टॅमरॉनची. किट लेन्स काढून हीच कायमची लावून ठेवता येते. १८-३०० सारख्या एकीत-सगळं लेन्स प्रवासाला सोयीच्या आहेत, पण उजेडाच्या बाबतीत किट लेन्सचीच अडचण तिथे पुन्हा येते, त्यामुळे दुसरी लेन्स म्हणून मी ती कुणाला सुचवत नाही.

सेकंडहँड घेताना

मुंबईत फोर्टला बोरा बाजारच्या बाजूला कॅमेऱ्याची दुकानं आहेत, ऑनलाइनही पुष्कळ मिळतं, पण लेन्स हातात घेऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. दोन्ही झाकणं काढा, मोबाइलचा टॉर्च मागून मारा आणि समोरून तिरकं बघा. धुळीचे चार कण असले तर चालतं, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती फंगस, कितीही स्वस्त देत असले तरी परत द्या. मग आपल्याच बॉडीवर लावा, अपर्चर पूर्ण उघडून जवळचा आणि लांबचा असे फोटो काढा, कोपरे झूम करून बघा, एक कोपरा बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे पुसट असेल तर लेन्स कधीतरी पडलेली असू शकते. बिल कुठलं आहे तेही विचारा, ग्रे मार्केटच्या (कंपनीच्या अधिकृत वितरकाला वगळून आणलेल्या) मालाला भारतातली वॉरंटी मिळत नाही.

आता सेटिंग, यात एक रुपया लागत नाही

ऑटो मोड सोडा आणि निकॉनवर ए, कॅननवर एव्ही वर या. अपर्चर तुम्ही ठरवा, शटर कॅमेरा ठरवेल. ऑटो आयएसओ चालू करा, कमाल ६४०० ठेवा, आणि मेन्यूत किमान शटर स्पीड द्यायची सोय असेल तर माणसांसाठी १/१२५ द्या. खेळणाऱ्या मुलांना १/५००, उडणाऱ्या पक्ष्याला १/१६०० च्या आसपास. रॉ मध्ये (सेन्सरची सगळी माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्ये) काढा, ती कॉम्प्युटरवर सुधारायला निकॉनचं एनएक्स स्टुडिओ आणि कॅननचं डीपीपी दोन्ही फुकट आहेत.

फोकस पॉइंट कॅमेऱ्यावर सोडू नका, तो जवळची वस्तू पकडतो, म्हणजे नवरीच्या ऐवजी अंतरपाट. सिंगल पॉइंट निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. हलणाऱ्या गोष्टींना निकॉनवर एएफ-सी, कॅननवर एआय सर्वो. लेन्स पूर्ण उघडल्यावर फोकस सतत पुढे किंवा मागे लागतोय असं वाटलं तर टेबलावर मोजायची टेप तिरकी ठेवून एका आकड्यावर फोकस करून बघा. डी७५०० आणि ८०डी मध्ये ही दुरुस्ती मेन्यूतून करता येते, डी५६०० आणि २००डी मध्ये नाही, तिथे स्थिर विषयाला लाइव्ह व्ह्यूने (मागच्या स्क्रीनवर बघून) फोकस करा, तो सेन्सरवरूनच होतो त्यामुळे ही चूक राहत नाही.

एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं (फोटो उजळ किंवा गडद करायचं) बटण मात्र बोटाला पाठ झालं पाहिजे, मी सगळ्यात जास्त तेच वापरतो. कॅमेऱ्याला सगळं मधल्या करड्या रंगाचं करायचं असतं. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर धुकं आलं की फोटो मळकट येतो, तिथे +१ करा. वारीत पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या फ्रेमभर असतील तर +०.७. उलट गाभाऱ्यातली काळी मूर्ती काढताना (जिथे फोटोला परवानगी आहे तिथेच) -१ केलं नाही तर काळा दगड राखाडी होतो आणि दिवे पांढरे फटक पडतात. हायलाइट वॉर्निंग चालू ठेवा, स्क्रीनवर पांढरा पडलेला भाग लुकलुकताना दिसला की थोडं खाली या.

निसर्गचित्रांना एफ/८, फार तर एफ/११. सगळं शार्प हवं म्हणून एफ/२२ वर जाणारे खूप दिसतात, पण एवढ्या लहान छिद्रातून प्रकाश पसरतो आणि फोटो उलट मऊ होतो. ट्रायपॉडवर असाल तर व्हीआर बंद आणि दोन सेकंदांचा टायमर. धबधब्याला सीपीएल (चमक कमी करणारा पोलरायझर) फिल्टर लावून फिरवून बघा, ओल्या पानांवरची चमक गेली की हिरवा रंग किती खोल येतो ते लगेच दिसतं. स्वस्त यूव्ही फिल्टर मात्र रात्रीच्या फोटोत दिव्यांची भुतं दाखवतो, त्यापेक्षा लेन्स हूड कायम लावून ठेवा.

पावसाळा

कोकण, मुंबई, गोवा, इथे जून ते सप्टेंबर लेन्सला खरा धोका असतो. लेदरच्या केसमध्ये किंवा कपड्यांच्या कपाटात ठेवू नका. ड्राय कॅबिनेट परवडलं तर उत्तमच, नाहीतर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रता मीटर, आकडा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा, जेलचा रंग बदलला की जेल बदलायचं. एसी गाडीतून किंवा खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा बॅगेतच वीसेक मिनिटं राहू द्या, लगेच काढला तर काचेवर बाष्प धरतं. एखाद्या लेन्सला फंगस लागलीच तर ती त्या डब्यातून आधी वेगळी काढा आणि चांगल्या कारागिराकडून उघडून साफ करून घ्या, वरून पुसून ती जात नाही. आणि डब्यातल्या लेन्स दर आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून दोन-चार फोटो काढत जा, महिनोन्महिने अंधारात पडून राहिलेल्या लेन्सलाच फंगस आधी लागते.