विनोदी कादंबरी लोकांपर्यंत कशी न्यावी : रंगायतनातल्या मांजरीचं सांगणं

पोस्टरवर ‘हसून हसून पोट दुखेल’ असं लिहू नका. आधीच बजावून ठेवलं की माणूस हाताची घडी घालून बसतो आणि मनात म्हणतो, बघू या कसे हसवताय. मी हे ठाण्याच्या गडकरी रंगायतन या नाट्यगृहाच्या विंगेतून पाहत आले आहे. कॅन्टीनपासून मेकअप रूमपर्यंत सगळे मला तिसरी म्हणतात, कारण तिसरी घंटा झाली की मी उजव्या विंगेत येऊन बसते. कुठल्या वाक्याला लाफ्टर येतो, कुठे यायला हवा होता पण आला नाही, कुठे पहिल्या रांगेतल्या एकाच बाईने सुरुवात केली आणि मग सगळं हाऊस हसलं, हे तिथून नीट कळतं.

एका नाट्यसंस्थेचा कपडेपट सांभाळणाऱ्या मावशींनी कादंबरी लिहिली आहे. नौपाड्यातली जुनी इमारत पुनर्विकासाला जाते. सभासद कळव्यापासून कासारवडवलीपर्यंत भाड्याच्या घरांत पांगतात. तरी सोसायटी मोडू नये म्हणून दर रविवारी तलावपाळीवर जमून सभा घेतात, ठराव करतात, इतिवृत्त लिहितात. इमारत पाडून झाली, पण गच्चीची किल्ली कोणाकडे यावरचं भांडण चालूच आहे. मावशी इस्त्री करता करता पानं मोठ्याने वाचायच्या आणि मी साड्यांच्या ट्रंकेवर बसून ऐकायचे. ही कादंबरी घराघरांत जावी असं मला मनापासून वाटतं. म्हणून तुमच्याही हातात विनोदी कादंबरी असेल तर काय करावं, ते सांगते.

पहिलं काम म्हणजे सांगण्याजोगा एक प्रसंग शोधणं. दुरुस्तीसाठी रंगायतन बंद होतं तेव्हा मी तलावपाळीवरच्या बाकांखाली मुक्कामाला होते. (२०२५च्या ऑगस्टमध्ये ते पुन्हा उघडलं आणि मी परत आले.) संध्याकाळी फिरायला आलेली माणसं एकमेकांना नाटकं, सिनेमे, पुस्तकं कशी सुचवतात ते तिथे रोज कानावर पडायचं. ‘फार विनोदी आहे’ एवढंच कुणी म्हटलं तर समोरचा ‘हो का’ म्हणून पाण्याकडे बघायचा. पण कुणी ‘अगं, त्यात तो सेक्रेटरी पाडलेल्या इमारतीच्या लिफ्टची वर्गणी मागतो’ असं सांगितलं की चालणारी माणसं थांबायची. विनोदी पुस्तक प्रसंगाच्या पाठीवर बसून पुढे जातं. तो प्रसंग एका दमात सांगता यावा, मागचं-पुढचं समजवावं लागू नये आणि ऐकणाऱ्याला आपल्या ओळखीतला कुणीतरी आठवावा. मावशींच्या कादंबरीत तो गच्चीच्या किल्लीचा आहे. मलपृष्ठावर, आमंत्रणात, फोनवर बोलताना, मुलाखतीत सगळीकडे तोच वापरा. लेखकाला दर वेळी नवं काही सांगावंसं वाटतं, पण ऐकणारे दर वेळी नवे असतात. त्यांना चांगलंच मिळू द्या.

शनिवार-रविवारच्या वर्तमानपत्रात नाटकांच्या चौकटी येतात, त्या लक्षपूर्वक पाहा. जागेचे पैसे मोजावे लागतात म्हणून तिथे शब्द वाया घालवत नाहीत. नाटकाचं नाव, कलाकार, वार, वेळ आणि नाट्यगृह. पुस्तकाच्या निरोपातही तेवढंच हवं: नाव, एका ओळीत प्रसंग, किंमत, कुठे मिळेल. ‘कुठे मिळेल’ हे निम्म्या निरोपांत राहूनच जातं. लोक खाली टाळ्यांची चिन्हं टाकतात आणि विसरतात.

पुस्तक विनोदी आहे हे न ओरडता कळलं पाहिजे. ज्यांच्या नावाचं हे रंगायतन, ते राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने लिहीत आणि कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने. लेखावरचं नाव पाहिलं की वाचकाला कळायचं, आज आपल्या हातात काय पडलं आहे. टोपणनाव घ्या असं माझं म्हणणं नाही. पण मुखपृष्ठ आणि शीर्षक यांनी ते काम करायला हवं. मावशींच्या मुखपृष्ठावर मोकळा प्लॉट आहे, त्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या आहेत आणि मधोमध नोटीस बोर्ड उभा आहे. बघणाऱ्याच्या ओठांचे कोपरे आपोआप हलतात. दात काढून हसणारे चेहरे मुखपृष्ठावर घेऊ नका. हसायचं काम वाचकाचं आहे.

आता अभिवाचनाबद्दल. विनोदी कादंबरीला याच्यासारखी जाहिरात नाही, म्हणून यावर मी जास्त वेळ घेणार आहे.

हशा एकट्याने क्वचित येतो. मोठ्या नाट्यगृहात माणसं विरळ बसली की उत्तम वाक्यही वाया जातं. तेच वाक्य भरलेल्या हाऊसमध्ये उसळतं. सोमवारी दुपारी कमी बुकिंग असताना नट किती कष्टाने एकेक लाफ्टर मिळवतात, ते मी पाहिलं आहे. म्हणून अभिवाचनाला मोठा हॉल घेऊच नका. वाचनालयाची खोली, सोसायटीचं कार्यालय, कुणाचा दिवाणखाना चालेल. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं आहे, आणि या शहरात पुस्तकासाठी संध्याकाळी घराबाहेर पडायची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. अशा जागी जाऊन विचारा. खुर्च्या येणाऱ्यांपेक्षा थोड्या कमी मांडा आणि खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ ठेवा. उशिरा येणारे मागे उभे राहिले तर उत्तमच, उभं असलेलं माणूस लवकर हसतं. नाटकात प्रेक्षागृहात अंधार करतात, इथे मात्र दिवे लावलेले ठेवा. समोरचा हसताना दिसला की आपलंही हसू सैल होतं. घरघरणारा पंखा बंद करा, कारण वाक्याचा शेवटचा शब्द त्यातच हरवतो आणि विनोद नेमका शेवटच्या शब्दात असतो.

उतारा कोणता निवडायचा? दोन पात्रांचं भांडण घ्या. वर्णन घेऊ नका, कितीही सुंदर असलं तरी. तीन-चार मिनिटांपलीकडे एक उतारा जाऊ देऊ नका, आणि असे दोनच वाचा. आधी घरी मोठ्याने म्हणून पाहा. जीभ अडखळते तिथे पेन्सिलीने श्वासाची खूण करा. वाचताना स्वतः हसू नका. लाफ्टर आला की थांबा. नवे नट इथेच घाई करतात आणि लाफ्टरवर पुढचं वाक्य टाकतात. मग ते वाक्यही ऐकू जात नाही आणि लोक पुढच्या वेळी हसायला बिचकतात, कारण हसलं तर काहीतरी निसटेल असं त्यांना वाटतं. जुने नट हशाचा आवाज चढू देतात, तो उतरायला लागला की निम्म्यावर पुढचं वाक्य घेतात. पूर्ण शांत होईपर्यंत थांबलात तर मात्र गाडी पुन्हा पहिल्या गिअरपासून सुरू करावी लागते.

आणि भांडण मिटायच्या आत वाचन थांबवा. किल्ली शेवटी कोणाकडे निघाली ते सांगू नका. पुस्तक बंद करा, नमस्कार करा. टेबल दाराजवळ ठेवा, आतल्या बाजूला, म्हणजे बाहेर पडणारा प्रत्येक जण त्याच्या शेजारून जाईल. भाषणं असतील तर ती वाचनाच्या आधी उरकून घ्या. वाचनानंतर पाहुण्यांचं भाषण ठेवलं की जमलेला हशा थंड होतो आणि विक्रीही.

नाट्यगृहात पुस्तकाचं टेबल मांडायला मिळालं तर सोनं. विनोदी नाटकाला तिकीट काढून आलेला माणूस हा तुमचाच वाचक आहे. पण निर्माता आणि नाट्यगृहाचे व्यवस्थापक, दोघांचीही परवानगी आधी घ्या. डोअरकीपरला ओळखीचं करून ठेवा, त्याच्याइतकी गर्दीची चाल कुणालाच ठाऊक नसते. वेळेचं गणित मला पायांवरून कळतं, कारण मला चेहरे नंतर दिसतात आणि पाय आधी. पहिल्या घंटेपूर्वी आलेली पावलं रेंगाळतात, टेबलाकडे वळतात, हीच पुस्तक हातात देण्याची वेळ. दुसऱ्या घंटेनंतर सगळे पाय आत धावतात, तेव्हा कुणाला हटकू नका. मध्यंतरात हाताला बटाटेवड्याचं तेल असतं. त्या वेळी विकायचा प्रयत्न सोडा, मुखपृष्ठ दूरवरून दिसेल असं उभं करा आणि प्रसंगाची ती एक ओळ मोठ्या अक्षरांत शेजारी लावा. प्रयोग सुटला की पाय स्टेशनकडे किंवा रिक्षाकडे पळतात. तेव्हा विचार करायला नव्हे, फक्त पैसे द्यायला वेळ असतो. क्यूआर कोड समोर ठेवा, पुस्तकं पिशवीत घालून तयार ठेवा आणि किंमत अशी ठेवा की सुट्ट्या पैशांचा घोळ होणार नाही.

मावशींचा प्रवास संस्थेच्या बसने होतो. वाशीचं विष्णुदास भावे, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले, कल्याणचं अत्रे रंगमंदिर, इकडे ठाण्यातलं आपलं घाणेकर, अशा नाट्यगृहांत. कपड्यांच्या ट्रंकेत एक गठ्ठा पुस्तकांचा जातो. तुमचा नाटकाशी संबंध नसला तरी तुमच्या कामाचा असा काही रस्ता असेलच. शिक्षक असाल तर शाळा, बँकेत असाल तर शाखा. त्याच रस्त्याने पुस्तक न्या, वेगळे दौरे आखू नका.

फोनवर पाठवायचं असेल तर लेखकाचा एकट्याचा आवाज पाठवू नका. पाच-सहा माणसं समोर बसवा, वाचा, आणि त्यांच्या हशासकट रेकॉर्ड करा. मिनिटभराचा तुकडा पुरे. चित्रफीत असेल तर शब्द खाली उमटू द्या, कारण लोकलच्या गर्दीत कित्येक जण आवाज बंद ठेवून बघतात. कुटुंबाच्या ग्रुपवर सकाळच्या शुभेच्छांच्या लाटेत टाकू नका. रात्री जेवणानंतर टाका.

वर्तमानपत्रांकडे परीक्षणासाठी पुस्तकांचे ढीग येतात. परीक्षण मागण्यापेक्षा बातमी होईल अशी गोष्ट द्या: कपडेपटात बसून, प्रयोग चालू असताना, बाई कादंबरी लिहिते. लंडनच्या गीलगुड नाट्यगृहात बीरबोम नावाचा बोका होता. १९९५ मध्ये तो गेला तेव्हा ‘द स्टेज’ या नाट्यव्यवसायाच्या साप्ताहिकाने त्याचा मृत्युलेख पहिल्या पानावर छापला. तिथे काम केलेल्या नटनट्यांकडे त्याच्याबद्दल सांगण्यासारखं होतं, म्हणून त्याचं नाव टिकलं. मला त्याचा अभिमान वाटतो. लेखकाबद्दलही दुसऱ्याला सहज सांगता येईल अशी एक खरी गोष्ट हवी. ती खोटी रचू नका. आयुष्यात असतेच, बहुतेकांना ती सांगण्यासारखी वाटत नाही इतकंच.

दिवाळी अंकांचा रस्ता जुना आणि पक्का आहे. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, आणि आजही मराठी घरात विनोद सर्वांत निवांतपणे वाचला जातो तो फराळाच्या दिवसांत. कादंबरीतलं एक प्रकरण स्वतंत्र कथेसारखं उभं राहत असेल तर पावसाळा सुरू होण्याआधीच संपादकांकडे पाठवा, दसऱ्याला जाग येऊन उपयोग नाही. आणि प्रकाशन २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला ठेवू नका. त्या दिवशी सगळे हॉल, सगळे पाहुणे आणि सगळी वर्तमानपत्रं आधीच अडकलेली असतात. मी तरी जुलैतली एखादी पावसाळी संध्याकाळ निवडेन. लोक आडोशाला आलेले असतात, चहा मागतात आणि लवकर उठत नाहीत.

छपाईचं थोडक्यात: पहिली आवृत्ती छोटी काढा, डिजिटल छपाईत ते जमतं. दुकानदाराचं कमिशन किंमत ठरवण्याआधीच धरा. फुकट प्रती ओळखीच्यांना वाटू नका. ज्याला मोठ्याने वाचून दाखवायची सवय आहे त्याला द्या: ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर सकाळी पेपर वाचणारे आजोबा, भिशीत सगळ्यांना हसवणारी वहिनी, ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या ताई. कोणतं पान वाचायचं तेही आत चिठ्ठी घालून सांगा.

राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांत विनोदासाठी स्वतंत्र पुरस्कार आहे, श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या नावाचा. गडकरी त्यांना गुरू मानत. त्यासाठी त्या-त्या वर्षात प्रथम प्रकाशित झालेलं पुस्तक लागतं, म्हणून काही प्रती सुरुवातीलाच बाजूला काढा, प्रवेशिकांची जाहिरात येते तेव्हा मुदत पाहा आणि पुस्तकावर पहिल्या आवृत्तीचं वर्ष नीट छापलं आहे ना, हे छपाईला जाण्याआधी तपासा.