गुण्या, टेप आणि खुणा: सुतारकामात माप हुकवणाऱ्या या चुका टाळा

मी बनवलेल्या पहिल्या कपाटाचे चारपैकी तीन ड्रॉवर अडकत होते. ड्रॉवर सरकवणारे चॅनल बदलून पाहिले, स्क्रू सैल केले, कडा रंध्याने तासल्या, तरी काही फरक पडेना. शेवटी कपाटाच्या तोंडाचे कर्ण मोजले. उंची 900 आणि रुंदी 600 मिलिमीटर, म्हणजे दोन्ही कर्ण 1081 ते 1082 च्या आसपास भरायला हवे होते. प्रत्यक्षात एक दुसऱ्यापेक्षा 5 मिलिमीटरने मोठा निघाला. करवत चांगली होती, प्लाय चांगला होता, हातही बऱ्यापैकी बसला होता. ज्या नव्या गुण्याला, म्हणजे काटकोन आखायच्या आणि तपासायच्या अवजाराला, टेकवून मी कपाट जोडलं, तो गुण्याच काटकोनात नव्हता. दुकानातून आणल्यापासून मी तो एकदाही तपासला नव्हता.

तेव्हापासून कुणी विचारलं, की सुतारकाम शिकायचंय, कोणती अवजारं घेऊ, तर मी करवत आणि पटाशीच्या आधी आखणीच्या अवजारांबद्दल बोलतो. बोथट पटाशीला धार लावता येते. चुकीच्या गुण्याने आखलेली फळी एकदा कापली की तिचं पुढे काहीच करता येत नाही.

गुण्या न तपासता घेणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे आणि ती टाळायला एक पैसाही लागत नाही. प्लाय किंवा एमडीएफचा एक तुकडा घ्या, ज्याची एक कड कारखान्यातून आलेली सरळ आहे. त्या कडेला स्टीलची पट्टी लावून उजेडासमोर धरा. मधून कुठे उजेड दिसत नसेल तरच ती कड चाचणीला घ्या, नाहीतर दोष कडेचा असेल आणि शिक्षा गुण्याला होईल. आता गुण्याचा दांडा (जाड भुजा) कडेला घट्ट टेकवून पात्याच्या (पातळ भुजेच्या) बाजूने बारीक रेघ मारा. मग गुण्या उलटा करा, म्हणजे दांडा आधी डावीकडे होता तर आता उजवीकडे. पातं रेघेच्या मुळाशी आणा आणि त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारा.

दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर गुण्या खरा आहे. फाकल्या तर जितक्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्याची, कारण उलटल्यावर चूक दुप्पट होऊन दिसते. माझ्या त्या गुण्याच्या रेघा 150 मिलिमीटरवर दीड मिलिमीटर फाकल्या. म्हणजे चूक पाऊण मिलिमीटरची. ऐकायला थोडी वाटते, पण तोच कोन 600 मिलिमीटर रुंदीवर नेला की 3 मिलिमीटर होतो, आणि माझ्या कपाटाच्या कर्णांत पडलेला 5 मिलिमीटरचा फरक बरोबर तिथूनच आला होता.

दुकानात जाताना असा एक तुकडा आणि टोकदार पेन्सिल पिशवीत ठेवा. चांगला दुकानदार चाचणी करू देतो. जो करू देत नाही त्याच्याकडून पकड, हातोडी घ्या, गुण्या घेऊ नका.

लाकडी दांड्याचा, पितळी पट्टी लावलेला गुण्या दिसायला देखणा असतो आणि तो वाईट असतो असं मी म्हणणार नाही. पण लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, आणि एकदा हातातून फरशीवर पडला की रिव्हेट हलतात. माझा सल्ला असा, की पहिला गुण्या सुतारी सामानाच्या दुकानाऐवजी मशिनिस्ट लोकांच्या दुकानातून घ्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला आणि पुण्यात रविवार पेठेत फिरलात तर पूर्ण पोलादी, 4 किंवा 6 इंची इंजिनिअर्स गुण्या सहज मिळतो. जर्मन डीआयएन 875 मानकातला ग्रेड 2 चा गुण्यासुद्धा 150 मिलिमीटर पात्यावर फक्त 0.035 मिलिमीटर चूक चालवून घेतो. लाकडाला याहून जास्त काही लागत नाही, त्यामुळे ग्रेड 0 किंवा 00 साठी पैसे घालवू नका.

दुसरा गुण्या घ्यायचा तर सरकत्या पट्टीचा कॉम्बिनेशन गुण्या घ्या. अमेरिकेत लारॉय स्टॅरेट यांनी 1879 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि आजही 90 आणि 45 अंश, खोली, कडेला समांतर रेघ अशी चार कामं तो एकटा करतो. घेताना पट्टी सरकवून, स्क्रू आवळून, तीन वेगवेगळ्या जागी तीच उलटी-सुलटी चाचणी करा. स्वस्त कॉम्बिनेशन गुण्यात खोबणीचा तळ खडबडीत असतो आणि प्रत्येक वेळी पट्टी वेगळ्या कोनात बसते. असा गुण्या एका जागी बरोबर दाखवून दुसऱ्या जागी फसवतो. आधी नीट चालणारा गुण्या अचानक बिघडला तर मात्र घाबरू नका. खोबणीत भुसा अडकला आहे का ते पाहा, बहुतेक वेळा तेवढंच कारण असतं.

घरात मोठा एल आकाराचा, एकसंध पत्र्याचा गुण्या असेल आणि तो फाकला किंवा मिटला असेल तर तो टाकू नका. कोन 90 पेक्षा लहान झाला असेल तर आतल्या कोपऱ्याजवळ सेंटर पंचने, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्यासारख्या अवजाराने, हलका ठोका द्या. तिथला धातू पसरतो आणि कोन उघडतो. कोन मोठा झाला असेल तर बाहेरच्या कोपऱ्याजवळ ठोका. प्रत्येक ठोक्यानंतर दोन रेघांची चाचणी करा, घाई करू नका.

टेपचं हलणारं टोक

टेपच्या टोकाचा धातूचा आकडा (हुक) ढिला आहे म्हणून तो हातोडीने ठोकून पक्का करणारे मी पाहिले आहेत. कृपया असं करू नका. तो आकडा मुद्दाम ढिला ठेवलेला असतो आणि तो नेमका स्वतःच्या जाडीएवढा सरकतो. फळीच्या कडेला अडकवून ओढलं की तो बाहेर सरकतो आणि माप आकड्याच्या आतल्या पृष्ठापासून सुरू होतं. खणाच्या आत दाबून धरलं की तो आत सरकतो आणि माप बाहेरच्या पृष्ठापासून सुरू होतं. ठोकून पक्का केला की दोनांपैकी एक माप कायमचं चुकणार. खरी अडचण तेव्हा येते, जेव्हा टेप पडून आकडा वाकतो किंवा त्याखाली भुसा, फेविकॉल साचतो. तेव्हा एकच तुकडा आधी टेपने आणि मग स्टीलच्या पट्टीने मोजून खात्री करा.

टेपवर रोमन आकड्यात एक, दोन किंवा तीन असा दर्जा छापलेला असतो. आंतरराष्ट्रीय मापन मानकाप्रमाणे दर्जा दोनच्या टेपला 1 मीटरवर अर्धा मिलिमीटर आणि 5 मीटरवर 1.3 मिलिमीटर चूक माफ असते. दर्जा एकच्या टेपला 1 मीटरवर 0.2 मिलिमीटर. म्हणजे दर्जा दोनचे दोन वेगवेगळे टेप, दोन्ही नियमात बसणारे, एकाच मीटरवर एकमेकांपासून 1 मिलिमीटर दूर असू शकतात. यातून खरेदीपेक्षा कामाचा नियम निघतो: एका कामाला एकच टेप. भिंतीतला खण मोजायला वापरलेलाच टेप कापायच्या टेबलावर यायला हवा. साइटवर एकाने मोजायचं आणि वर्कशॉपमध्ये दुसऱ्याने स्वतःच्या टेपने कापायचं, ही अनेक किचनमधल्या न बसणाऱ्या पॅनेलची गोष्ट आहे.

अर्ध्या मीटरच्या आतलं माप टेपने घेऊच नका. 300 मिलिमीटरची एक आणि 600 ची एक अशा दोन स्टील पट्ट्या घ्या, खोदलेल्या खुणांच्या, चमकदार नसलेल्या. छापील खुणा वर्षभरात पुसल्या जातात आणि चकचकीत पट्टीवर दिव्याखाली आकडे दिसत नाहीत. पट्टी आडवी ठेवून वाचली तर तिच्या जाडीमुळे डोळ्याच्या कोनाप्रमाणे माप सरकतं. ती कडेवर उभी करा, म्हणजे खूण थेट लाकडाला टेकेल.

सूत आणि मिलिमीटर यांची खिचडी

आपल्याकडे मिस्त्री सुतात बोलतात, प्लायची शीट 8 बाय 4 फुटांत मिळते, जाडी मिलिमीटरमध्ये आणि कॅटलॉगमधले चॅनल कधी इंचात, कधी मिलिमीटरमध्ये. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, 3.175 मिलिमीटर. बोलताना आपण त्याला 3 धरतो. आठ सुतांचे 24 मिलिमीटर होतात आणि इंच मात्र 25.4 चा. एका इंचावर 1.4 मिलिमीटर गळाले. मिस्त्रींनी 'दोन फूट तीन सूत' म्हटलं तर ते 619 मिलिमीटर आहे. ते कागदावर तेव्हाच लिहा, आणि पूर्ण काम एकाच एककात करा. सूत हे वाईट माप नाही. पिढ्यान् पिढ्या त्यात उत्तम काम झालं आहे आणि होत आहे. गडबड एककं मिसळल्याने होते.

'18 मिलिमीटर' प्लायवर डोळे मिटून विश्वास ठेवणं हीही याच घरातली चूक. तो बऱ्याचदा अर्धा-पाऊण मिलिमीटर कमी भरतो. 18 ची खाच पाडून त्यात 17.4 चा प्लाय बसवला की शेल्फ डुगडुगतं. इथे जबड्यात धरून जाडी मोजणारा व्हर्निअर कॅलिपर खरा उपयोगी. शीट आली की चार ठिकाणी जाडी मोजा आणि खाच त्या शीटप्रमाणे पाडा.

डिजिटल आकड्यांचा मोह

कॅलिपर घेताना 0.01 दाखवणाऱ्या डिजिटलकडे हात जातो. घ्यायला हरकत नाही, पण पडद्यावर दिसणारा शेवटचा आकडा आणि खरी अचूकता या वेगळ्या गोष्टी आहेत. साधारण डिजिटल कॅलिपर 0.02 ते 0.03 मिलिमीटर इकडेतिकडे असतो. जबडे मिटवून शून्य येतं का, उघडून पुन्हा मिटवल्यावर तेच शून्य येतं का, एवढं दुकानात पाहा. 0.02 मिलिमीटरचा साधा व्हर्निअर बॅटरीशिवाय वर्षानुवर्षं चालतो, मी तोच वापरतो.

लाकूड स्वतः किती हलतं ते लक्षात घ्या. 300 मिलिमीटर रुंदीची सागाची आडव्या कापाची फळी मे महिन्यात कोरडी आणि जुलैत कोकणच्या दमट हवेत ठेवली, तर रुंदीत दोन-तीन मिलिमीटर सहज फुगू शकते. लांबीत जवळजवळ हलत नाही. अशा वस्तूवर मिलिमीटरचा शंभरावा भाग शोधण्यापेक्षा दोन तुकडे एकमेकांना जुळतात का हे महत्त्वाचं.

लेझर मीटरचंही तसंच. खोली मोजायला तो सुरेख, पण त्याची अचूकता साधारण दीड ते दोन मिलिमीटरची असते. त्याच्या आकड्यावरून कपाटाचं शटर (दार) कापू नका.

खूण करताना

अवजार खरं आहे, माप खरं आहे, तरी सांधा उघडा राहतो. मग खुणेकडे पाहा. सुताराच्या चपट्या पेन्सिलीची बोथट रेघ मिलिमीटरभर जाड असते. रेघेच्या कोणत्या बाजूला कापायचं, हे आज एक ठरवलं आणि उद्या दुसरं, की तेवढ्यात माप हुकलं. मोठ्या कापांना 0.5 ची यांत्रिक पेन्सिल पुरते. सांध्याला मात्र सुरीची खूण हवी. एकाच बाजूने धार असलेली सुरी घ्या आणि तिची सपाट बाजू गुण्याला टेकवा. दोन्ही बाजूंनी धार असलेली सुरी पात्यापासून दूर ढकलली जाते. पहिला हात अगदी हलका, मग दोन-तीनदा जोर देऊन. पहिल्याच हाताला दाबलं तर सुरी लाकडाच्या तंतूंमागे पळते. सुरीने तंतू आधीच कापलेले असल्याने वीनिअरच्या (वर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेल्या) प्लायच्या चिरफळ्या उडत नाहीत आणि पटाशीला टेकायला खाच मिळते.

करवतीच्या पात्याची जाडी विसरणं हे नवशिक्यांमध्ये हमखास घडतं. 2440 मिलिमीटरच्या शीटचे 610 चे चार तुकडे कागदावर निघतात. 3 मिलिमीटरच्या पात्याने तीन काप घेतले की 9 मिलिमीटर भुसा झाला, आणि तुकडे सरासरी 607.75 चे राहिले. म्हणून टाकाऊ बाजूवर फुली मारा, पातं फुलीच्या बाजूला ठेवा आणि सगळ्या रेघा एकदम न मारता एक काप घेऊन मग पुढचं माप घ्या.

कडेला समांतर रेघ ओढणाऱ्या मार्किंग गेजच्या खिळ्याचं टोक गोल असेल तर तो आडव्या तंतूंवर ओरखडे काढतो. कानशीने त्याला बारीक सुरीसारखा आकार द्या, किंवा चाकाचा गेज घ्या. आणि गेज आकड्यांवर लावू नका. बिजागरीची जाडी हवी तर बिजागरीच गेजला टेकवून लावा. आमच्या ओळखीचे एक मिस्त्री किचनच्या कामात एका सरळ पट्टीवर सगळ्या खणांच्या खुणा करून घेतात आणि प्रत्येक पॅनेलवर तीच पट्टी ठेवतात. आकडा वाचलाच नाही तर तो चुकीचा वाचला जाणार कसा?

प्रत्येक तुकड्याची एक बाजू आणि एक कड पक्की ठरवून तिथे खूण करा. मग गुण्या आणि गेज नेहमी त्यांनाच टेकवा. कधी या कडेने, कधी त्या कडेने आखलं तर फळीच्या रुंदीतला फरक सांध्यात उतरतो. माझ्या अनुभवात गुण्या खरा असूनही सांधा न जुळण्याचं हे पहिलं कारण असतं.

पावसाळ्यात स्टीलच्या पट्ट्या आणि गुण्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवा आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. गंज खुणांवर आधी चढतो. गुण्या पेटीत अवजारांच्या खाली दाबून ठेवू नका, भिंतीवर स्वतंत्र खिळ्याला टांगा. खाली पडला तर कितीही घाई असली तरी पुढची रेघ मारण्याआधी तो तपासा.